संदर्भ कोणाच्या नावावर?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मला बेळगावहून ओळखीच्यांचे फोन येऊ लागतात. कुणाच्या तरी कॉलेजातल्या सरांचं नाव 'जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञां'च्या यादीत आलेलं असतं, पेपरात फोटो छापून आलेला असतो, संस्थेने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केलेला असतो. मग विचारणा होते, "ताई, तुम्ही तिकडे बेंगळुरूला हेच काम करता ना? ही यादी खरी असते का हो?"

यादी खरी असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ती २०१९पासून तयार करत आले आहेत. 'स्कोपस' या डेटाबेसमधल्या नोंदी घेऊन, संशोधकाच्या पेपरांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, त्यातले किती संदर्भ त्याने एकट्याने लिहिलेल्या पेपरांना आहेत, किती त्याचं नाव पहिलं किंवा शेवटचं असलेल्या पेपरांना आहेत, अशा सहा गोष्टींचा मिळून एक गुण काढला जातो आणि त्या-त्या विषयातले वरचे लोक निवडले जातात. पण याद्या दोन असतात. एक आख्ख्या कारकिर्दीची आणि दुसरी फक्त एका वर्षातल्या संदर्भांची. बातमीत यातली कोणती, ते बहुधा नसतं. शिवाय हा स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिलेला सन्मान नाही, काही संशोधकांनी केलेली ती मोजणी आहे. सरांचं कौतुक जरूर करावं. पण त्यांनी नेमकं काय शोधलं हे त्या बातमीत एका ओळीनेही आलेलं नसतं, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

मी बेंगळुरूतल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकं देण्या-घेण्याचं काम आता फार थोडं उरलं आहे. दिवसाचा मोठा भाग संशोधकांचे तक्ते करण्यात जातो. कोणी किती पेपर लिहिले, कोणाबरोबर लिहिले, ते पुढे कोणी वापरले. एखाद्याची बढती असो, निवड समिती असो, अनुदानाचा अर्ज असो की विभागाचा पाच वर्षांचा आढावा, त्या फाइलीत माझा तक्ता लागतो. या कामावर माझा जीव आहे, म्हणूनच त्याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे त्याच्या नावावर अन्याय होतो, हे मोकळेपणाने लिहावंसं वाटतं.

हे सगळं खूळ परदेशातून आलं, असं आमच्याकडचे काही ज्येष्ठ प्राध्यापक रागाने म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. ग्रंथालयशास्त्राचे आपले एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९४८ साली इंग्लंडमध्ये लेमिंग्टन स्पा इथल्या परिषदेत त्यांनी ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली आणि तिला 'लायब्रमेट्री' असं नाव दिलं. पुढे १९६२ साली त्यांनी बेंगळुरूतच 'डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर' उभं केलं. हे केंद्र भारतीय सांख्यिकी संस्थेचा भाग आहे आणि या विषयातल्या कितीतरी लोकांची घडण तिथे झाली. १९६९ साली तिथल्या चर्चासत्रात रंगनाथनांनी ही कल्पना पुन्हा सविस्तर मांडली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अॅलन प्रिचर्ड यांनी 'बिब्लिओमेट्रिक्स' हा शब्द सुचवला आणि जगात तोच रूढ झाला. रंगनाथनांची मोजणी वाचकासाठी होती. कोणतं पुस्तक किती वापरलं जातं, ते कुठे ठेवलं तर वाचकाचा वेळ वाचेल, हा त्यांचा प्रश्न होता.

संदर्भ मोजण्याची सुरुवात मात्र अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी केली, आणि त्यांचाही हेतू माणसं तोलण्याचा नव्हता. अमेरिकन वकिलांकडे एकोणिसाव्या शतकापासून एक सूची असे. एखाद्या निकालाचा आधार पुढच्या कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, तो अजून ग्राह्य आहे की फिरवला गेला, हे त्यात सापडायचं. विज्ञानाच्या पेपरांसाठी तसंच काही करता येईल, असं गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये मांडलं. १९६१ साली निघालेल्या ६१३ जर्नलांतले सुमारे १४ लाख संदर्भ गोळा करून त्यांनी 'सायन्स सायटेशन इंडेक्स'चे पहिले खंड छापले. विद्यार्थ्याच्या हाती एखादा जुना पेपर आला, तर त्या कामाचं पुढे काय झालं हे त्याला या सूचीतून शोधता यायचं. जुन्या पेपरातल्या तळटीपा मागे नेतात. ही सूची पुढे नेते. आजही कुणी नवा पीएचडीचा विद्यार्थी आला की मी त्याला सगळ्यात आधी हेच शिकवते, आणि एका पेपरावरून त्याच्या नातवंड-पतवंड पेपरांपर्यंत जाताना त्याचे डोळे कसे चमकतात ते पाहण्यासारखं असतं.

शोधण्यासाठी केलेली सूची तोलायला वापरली जाऊ लागली, तिथून अडचणी सुरू झाल्या. सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा म्हणजे एच-इंडेक्स. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ साली सुचवला. समजा, एका बाईंचे पाच पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १८, ९, ४ आणि ३ संदर्भ मिळाले आहेत. उतरत्या क्रमाने लावलेल्या या यादीत चौथ्या पेपराला निदान चार संदर्भ आहेत, पण पाचव्याला पाच नाहीत. म्हणून त्यांचा एच-इंडेक्स चार. आता पहिल्या पेपराचे ४० संदर्भ वाढून ४०० झाले, तरी इंडेक्स चारच राहतो. एकाच पेपराने जग हलवणाऱ्या माणसाला हा आकडा ओळखत नाही. उलट बेताचे, पण भरपूर पेपर लिहीत राहणाऱ्याला तो सावकाश वर नेतो. तो कधी खालीही येत नाही, त्यामुळे वय वाढलं की तोही वाढतो. तिशीतल्या मुलीची पन्नाशीतल्या प्राध्यापकाशी या आकड्यावरून तुलना करणं चूक आहे. निवड समित्यांत तरीही ती होते.

त्याच बाईंचा आकडा तीन ठिकाणी पाहिला तर तीन निघतात. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, छपाईपूर्व मसुदे, सगळं मोजतं, म्हणून तिथला आकडा मोठा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स मुख्यतः निवडक जर्नलं घेतात, म्हणून तिथले लहान. तक्त्यावर कोणत्या डेटाबेसचा, कोणत्या तारखेचा आकडा हे लिहिलेलं नसेल, तर तो तक्ता मी परत पाठवते.

पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो त्याआधीच्या कामात. ही नोंद नेमकी कोणाची, हे ठरवण्यात.

ते समजावून सांगताना मला नेहमी कमला भागवत आठवतात. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या १९३३ साली इथल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या. जुने लोक या संस्थेला अजूनही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही तिथेच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तरीही संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतलं गेलं. एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. कडधान्यांतल्या नायट्रोजनावरचा दोघांचा पेपर १९३५ साली 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये आला. त्यानंतर संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींतल्या सायटोक्रोमच्या कामावर त्यांनी १९३९ साली 'नेचर'मध्ये लिहिलं आणि पीएचडी मिळवली. या सगळ्या पेपरांवर नाव आहे के. भागवत.

१९४७ साली त्यांचं लग्न झालं. त्या मुंबईला आल्या आणि तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात. पचनाला लागणाऱ्या ट्रिप्सिन या एन्झाइमला ते अडवतात. ते शोधून काढण्याचं काम त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन केलं. वाल आणि डबल बीनमधून असे घटक स्फटिकरूपात वेगळे केल्याचा पेपर १९५५ साली पुन्हा 'नेचर'मध्येच आला. वाल भिजवून, मोड आणून, शिजवून खाण्याच्या आपल्या पद्धतीमागचं रसायन या कामातून उलगडायला मदत झाली. नीरेवरही त्यांनी दीर्घकाळ काम केलं. या पेपरांवर नाव आहे के. सोहोनी.

एकच बाई, एकच धागा, १९३५पासून कडधान्यांवरचं काम. पण यंत्राला भागवत आणि सोहोनी या एकच आहेत हे कळण्याचं काही कारण नाही. कोणीतरी माहीतगार माणसाने ते त्याला सांगावं लागतं. सांगितलं नाही, तर दोन निम्म्या कारकिर्दी तयार होतात आणि दोन्हींचे आकडे लहान दिसतात. हे आजही रोज घडतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या, आधी पतीचं नाव मधे घातलेल्या आणि मग काढून टाकलेल्या, कधी आद्याक्षर एक तर कधी दोन लिहिणाऱ्या बायकांच्या नोंदी मी जुळवत बसते. पुरुषांचं वेगळं दुखणं आहे. एस. पाटील, आर. जोशी, एस. कुलकर्णी या नावांची इतकी माणसं आहेत, की एकाचे पेपर दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. इकडे कर्नाटकात बरेच लोक आडनाव लावत नाहीत. गावाचं किंवा वडिलांचं आद्याक्षर आणि स्वतःचं नाव, एवढंच. परदेशी जर्नलचा फॉर्म आडनाव मागतो, मग ते जे सुचेल ते भरतात आणि पुढच्या पेपराला उलटं भरतात. गावांचं आणि संस्थांचंही तसंच. २०१४ साली बँगलोरचं अधिकृतपणे बेंगळुरू झालं, त्याआधी बॉम्बे युनिव्हर्सिटीची मुंबई युनिव्हर्सिटी झाली. एकाच संस्थेच्या नावाची कितीतरी रूपं डेटाबेसमध्ये नांदत असतात.

यावरचा उपाय साधा आणि फुकट आहे. २०१२पासून 'ऑर्किड' ही सोळा अंकी ओळख मिळते. संशोधकाने ती स्वतः काढायची आणि प्रत्येक पेपराला जोडायची. नाव बदललं, संस्था बदलली, देश बदलला, तरी तो क्रमांक तोच राहतो. पहिला पेपर पाठवण्याआधी तो काढा, असं मी येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते.

कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी म्हणजे दुर्गा भागवत. मराठी वाचकाला 'ऋतुचक्र' आणि 'व्यासपर्व' माहीत असतात, पण १९५६ सालचं त्यांचं 'लोकसाहित्याची रूपरेखा' हा अस्सल संशोधनग्रंथ आहे. मराठीत लोकसाहित्याचा अभ्यास करणाऱ्या कितीतरी जणांच्या तळटीपांत तो असतो. त्या तळटीपा मराठी पुस्तकांत आणि वाईच्या 'नवभारत'सारख्या मासिकांत विखुरलेल्या आहेत आणि मोठे डेटाबेस तिकडे जवळपास पाहतच नाहीत. एकाच घरातल्या दोन अभ्यासक बहिणी. एकीच्या कामाचा माग काढायला अपुरी का होईना, सोय आहे. दुसरीचा माग काढायचा तर ग्रंथालयात बसून हाताने पानं उलटावी लागतात. मराठीतल्या प्राध्यापकांना जेव्हा स्कोपसमधले पेपर किती असं विचारलं जातं, तेव्हा मला हा प्रश्नच चुकीच्या दारावर टकटक करणारा वाटतो.

सहलेखनाकडे येते. संशोधन आता एकट्याने क्वचितच होतं, म्हणून कोण कोणाबरोबर काम करतं याचे नकाशेही आम्ही काढतो. माणूस म्हणजे एक टिंब, दोघांनी मिळून पेपर लिहिला की दोन टिंबांमध्ये रेघ. हे नकाशे फार सुंदर दिसतात आणि उपयोगीही असतात. पण एका पेपरात कोणाचा वाटा किती, हे रेघ सांगत नाही. नावांच्या क्रमावरून ते कळतं असं समजलं जातं, आणि तिथे विषय माहीत नसेल तर हमखास घोटाळा होतो.

डॉ. रोहिणी गोडबोले यांचं उदाहरण घ्या. पुण्याच्या हुजूरपागेत आणि एस. पी. कॉलेजात शिकलेल्या, आयआयटी मुंबईहून एमएस्सी आणि अमेरिकेत स्टोनी ब्रूकहून पीएचडी केलेल्या रोहिणीताई १९८२ ते १९९५ मुंबई विद्यापीठात होत्या आणि १९९५पासून इथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. सैद्धांतिक कणभौतिकी हा त्यांचा विषय. जर्मन शास्त्रज्ञ मानुएल ड्रीस यांच्याबरोबरचा त्यांचा एक पेपर १९९१ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला. खूप उच्च ऊर्जेला प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, आपल्या पोटात क्वार्क आणि ग्लुऑन असल्यासारखा वागू शकतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणाऱ्या भावी यंत्रांत अशा फोटॉनांमुळे नको असलेल्या कणांचा मोठा गोंगाट होईल आणि हव्या त्या घटना त्यात बुडून जातील, असं या दोघांनी दाखवलं. अशा यंत्रांची आखणी करताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागली. दोघांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

आता तक्ता करणाऱ्याच्या नजरेने पाहा. त्या पेपरावर आधी ड्रीस, मग गोडबोले. जीवशास्त्रातल्या माणसाला वाटेल, पहिल्याने काम केलं, दुसऱ्याने मदत केली. पण या विषयात नावं वर्णानुक्रमाने लावतात. इंग्रजीत 'डी' आधी, 'जी' नंतर. २००४ साली आलेलं त्यांचं सुपरसिमेट्रीवरचं मोठं पुस्तक ड्रीस, गोडबोले आणि प्रोबीर रॉय यांचं आहे. तोही वर्णानुक्रमच. म्हणजे ज्या मोजणीत पहिल्या आणि शेवटच्या नावाला जास्त वजन आहे, तिथे या पुस्तकावरचं रोहिणीताईंचं नाव मध्ये अडकतं, आणि त्याचा त्यांच्या कामाशी काडीचाही संबंध नाही. आणखी एक गोष्ट. १९९१ सालचं ते काम मुंबई विद्यापीठातलं. त्याचे संदर्भ आजही मिळत असतील तर संस्थेच्या खात्यात ते मुंबईकडे जातात, माणसाच्या खात्यात बेंगळुरूच्या प्राध्यापकाकडे. दोन्ही बरोबर आहे. पण 'बेंगळुरूचं यश' असा मथळा देण्याआधी हे माहीत असायला हवं.

रोहिणीताईंच्या कामाचा एक भाग मात्र कोणत्याच इंडेक्समध्ये येत नाही. राम रामस्वामी यांच्याबरोबर त्यांनी संपादित केलेलं 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक २००८ साली बेंगळुरूच्या इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसने काढलं. भारतातल्या शंभराच्या आसपास स्त्री-शास्त्रज्ञांच्या आयुष्याबद्दलचे लेख त्यात आहेत. ते वाचून विज्ञानाकडे वळलेल्या मुली माझ्यासमोर येऊन बसतात. कोणत्या पेपरात त्या या पुस्तकाचा संदर्भ देणार? २०१९ साली रोहिणीताईंना पद्मश्री मिळाली आणि २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्यावरचे लेख वाचताना एक गोष्ट लक्षात आली. एच-इंडेक्स कोणीच सांगितला नव्हता. सगळ्यांनी त्यांच्याबद्दलच्या आठवणी सांगितल्या होत्या.

कणभौतिकीतच सहलेखकांचं दुसरं टोक आहे. २०१५ साली जिनिव्हाच्या सर्नमधल्या अॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एकत्र पेपर लिहिला. त्यावर ५,१५४ लेखक आहेत. ३३ पानांच्या त्या पेपरात २४ पानं लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं आहेत. यातल्या प्रत्येकाच्या खात्यावर तो पूर्ण एक पेपर म्हणून जमा होतो. गणितात एकट्याने वर्षानुवर्षं झटून एक सिद्धता देणाऱ्याच्या खात्यावरही तो एकच. म्हणून मी दोन विषयांचे आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी ठेवत नाही.

एका संदर्भाचा अर्थही नेहमी सारखा नसतो. आजवर सर्वाधिक संदर्भ मिळालेला पेपर म्हणजे प्रथिनांचं प्रमाण मोजण्याची पद्धत सांगणारा ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ सालचा पेपर. त्याला तीन लाखांहून जास्त संदर्भ आहेत. ती पद्धत वापरणारा प्रत्येकजण त्याचं नाव लिहितो, म्हणून. याउलट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी ३१ मार्च १९२८च्या 'नेचर'च्या अंकात आपला शोध मांडला. आज औषधांच्या कारखान्यापासून हिऱ्यांच्या तपासणीपर्यंत रामन परिणाम वापरला जातो, पण मूळ पेपराचा संदर्भ फार थोडे देतात. शोध इतका सगळ्यांचा झाला, की उगमाचं नाव घ्यायची गरज कोणाला वाटेनाशी झाली. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने ही गोष्ट नेमकी हेरली होती. आणि एखाद्या पेपरातली चूक दाखवण्यासाठी दिलेला संदर्भही संदर्भ म्हणूनच मोजला जातो, हे तर सांगायलाच नको.

संस्थांच्या क्रमवारीचंही तेच. जून २०२१मध्ये क्यूएसने काढलेल्या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत प्रत्येक प्राध्यापकामागे मिळालेल्या संदर्भांसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला शंभरापैकी शंभर गुण मिळाले. त्या एका निकषावर संस्था जगात सर्वांत वर होती. शहराला अभिमान वाटला, मलाही वाटला. त्याच क्रमवारीत संस्थेचा एकूण क्रमांक मात्र १८६वा होता, कारण इतर निकष वेगळ्याच गोष्टी मोजतात.

मला खरी काळजी वाटते ती लहान गावांतल्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांची. २०१०च्या नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि पेपरला गुण मिळू लागले. आठवड्याला ढीगभर तास, प्रयोगशाळेत पुरेसं साहित्य नाही, ग्रंथालयाला जर्नल परवडत नाहीत, आणि तरी पेपर हवेत. त्या गरजेवर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचा बाजार उभा राहिला. तो रोखायला २०१९ साली 'यूजीसी-केअर' ही मान्य जर्नलांची यादी आली, २०२५मध्ये ती बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली गेली. दरम्यान एकमेकांचे संदर्भ देणाऱ्या टोळ्या, विकत मिळणारी लेखकाची जागा, असले प्रकार सगळ्या जगात वाढले. माझ्याकडे एका कॉलेजातली तरुण अध्यापिका आली होती. पगारातून पैसे भरून तिने पेपर छापला होता आणि ते जर्नल बनावट असल्याचं तिला नंतर कळलं होतं. पेपरातलं काम खरं होतं, तिच्या तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याचं. ते काम आता दुसरीकडे छापता येत नव्हतं. अशा वेळी दोष तिच्या हव्यासाचा आहे असं जे म्हणतात, त्यांचं मला पटत नाही. मोजणी चुकीची लावली की माणसं चुकीच्या दुकानाकडे ढकलली जातात.

डिसेंबर २०१२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा तयार केला. जर्नलच्या सरासरीवरून, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टरवरून, एका पेपराची किंवा माणसाची किंमत ठरवू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी मिळालेल्या संदर्भांची सरासरी. त्यातले थोडे लेख बहुतेक संदर्भ खेचून नेतात, बाकीच्यांना फारसे मिळतच नाहीत. वर्गाच्या सरासरी गुणांवरून एका मुलाचा निकाल लावण्यासारखंच ते आहे.

म्हणून अलीकडे मी तक्त्याबरोबर आणखी तीन गोष्टी फाइलीला जोडते. पहिली, संशोधक शेजारी बसलेला असताना तपासलेली त्याच्या सगळ्या पेपरांची यादी, सगळ्या नावांसह. दुसरी, त्याने स्वतः निवडलेले तीन पेपर आणि त्या प्रत्येकावर इतरांनी नेमकं काय म्हटलंय ते परिच्छेद. संदर्भ किती यापेक्षा कशासाठी दिला, हे त्यातून पाच मिनिटांत कळतं. काही वेळा शंभर संदर्भांत एकानेही पेपर उघडून वाचलेला नाही असं दिसतं, आणि काही वेळा अकराच संदर्भ असतात पण त्या अकरा जणांनी पुढचं सगळं काम त्यावर उभारलेलं असतं. तिसरी, पेपराबाहेरच्या कामाचा रकाना. माहितीसंच, नकाशे, उपकरणं, मराठी-कन्नडमधलं लेखन, प्रबंध पूर्ण केलेले विद्यार्थी.

तो तिसरा रकाना अॅना मणींमुळे सुचला. रामन यांच्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात त्यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर एकटीच्या नावाने पाच पेपर लिहिले, पण एमएस्सी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएचडी दिली नाही. पुढे त्यांनी हवामान खात्यात आयुष्य घालवलं. पाऊस, वारा, ऊन मोजणारी उपकरणं देशातच तयार करवून घेतली आणि भारतभरच्या सूर्यप्रकाशाच्या मोजमापांची हस्तपुस्तिका १९८०मध्ये काढली. निवृत्तीनंतर त्या बेंगळुरूला आल्या आणि इथेही वाऱ्याची आणि सौरऊर्जेची मोजमाप-उपकरणं तयार करत राहिल्या. ज्यांना छपरावर सौर पॅनेल बसवायची आहेत, पाणी तापवायची यंत्रं करायची आहेत, अशा अभियंत्यांना ती हस्तपुस्तिका लागते. हे लोक पेपर लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून संदर्भ येत नाही. असं काम कुणाच्या फाइलीत असेल, तर ते वापरणाऱ्या कारखान्यांची, सरकारी खात्यांची, शेतकरी मंडळांची पत्रं जोडायला मी सांगते. ती वाचायला समितीच्या सदस्यांना अर्धा तास जास्त लागतो. तो त्यांनी द्यावा, असं प्रत्येक बैठकीआधी मी लेखी कळवते, आणि पेपर कोणी उघडून पाहिले ते इतिवृत्तात नोंदवावं, अशी विनंतीही त्याच पत्रात असते.